गिटार करणाऱ्याला म्हणायचं काय

टकटकचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक होतं, पण तीही ते फक्त रागावली की काढायची. बाकी साऱ्या गल्लीला तो टकटक. समोर येईल त्या लाकडावर बोटाचं पेर वाजवायचं आणि मान तिरकी करून ऐकत बसायचं, ही त्याची खोड. पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा त्याने जेवणाच्या टेबलावर टकटक केलं. आतल्या खोलीतून सासरा म्हणाला, "या या, दार उघडंच आहे." तेव्हापासून तो त्या घरातही टकटकच.

हा टकटक हाताने गिटारी करायचा. एकटा, वर्षाकाठी मोजक्याच, बेकरीच्या वरच्या खोलीत. बेकरी बायकोची, तिला तिच्या वडिलांकडून मिळालेली. खाली ती पाव भाजायची, वर हा लाकूड तासायचा, आणि संध्याकाळी दोघंही पांढरी होऊन घरी जायची. एक पिठाने, दुसरा भुश्शाने.

त्या खोलीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण तिच्यापायी घडलं. खालची भट्टी पहाटे पेटायची आणि तिची ऊब जमिनीतून वर झिरपायची. बाहेर पावसाने रस्त्याची नदी झाली तरी खोलीतली हवा कोरडी ठणठणीत. ओली छत्री कोपऱ्यात ठेवली तर चहा संपायच्या आत ती वाळायची आणि आपली आपण मिटायची. एक जाडजूड गिऱ्हाईक दुपारभर चौकशी करत बसलं, ते उठलं तेव्हा त्याला पँट हाताने धरून जिना उतरावा लागला. यात मीठमसाला थोडा असेलही, पण लाकडाच्या बाबतीत एक अक्षर खोटं नाही. गिटारीच्या वरच्या फळीचं लाकूड वर्षानुवर्षं वाळवावं लागतं. ओल राहिली तर गिटार झाल्यावर ते आकसतं, आणि एखाद्या दिवशी भिंतीला टेकून उभी असलेली गिटार बंदुकीचा बार काढल्यासारखी चिरते. टकटकच्या छताखाली देवदाराच्या फळ्या लग्नाच्या वर्षापासून रचलेल्या होत्या. आता कुठे त्यांच्यावर पेर वाजवलं की घंटेसारखा आवाज यायला लागला होता. त्या फळ्या दुसऱ्या कुठल्या दमट खोलीत न्यायच्या म्हणजे इतक्या वर्षांची तपश्चर्या चहात बुडवायची.

पण नेमकी तीच वेळ आली, आणि ती आली भिंतीपलीकडून.

भिंतीपलीकडे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांची पेशंट बसायची खोली टकटकच्या भिंतीला लागून. टकटकने करवत चालवली की तो आवाज विटांमधून असा गाळून जायचा, की पलीकडच्याला वाटावं, आत कुणाचा तरी जबडा सावकाश उतरवताहेत. गाल धरून आलेला एक धिप्पाड ट्रकवाला करवत सुरू झाल्याबरोबर उठला, "डॉक्टर, ठणका थांबला," म्हणाला आणि जिना उतरून गेला. दुखरी दाढ घेऊनच तो पुढे लांबच्या खेपा करत राहिला म्हणे. अशी दाढदुखी बसल्या जागी बरी व्हायला लागली तर डॉक्टरणीने करायचं काय?

बाई सज्जन. त्या अनेकदा येऊन नीट सांगून गेल्या. टकटकही सज्जन. दर वेळी "चुकलं" म्हणाला आणि दर वेळी लाकूड हातात आल्यावर विसरला. शेवटी बाईंनी प्रकरण इमारतीच्या समितीपुढे ठेवलं. समितीच्या अध्यक्षा त्याच होत्या, पण अध्यक्षपद बाजूला ठेवून त्यांनी शेजारीण म्हणून तक्रार केली, इतक्या त्या सरळ.

समितीचे चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक होते. नियम त्यांना तोंडपाठ, आणि नियमाबाहेरचं काही दिसलं की त्यांना शिंका यायच्या. ते बेकरीत आले, पाव घेतला आणि टकटकला खाली बोलावून समजावून सांगितलं. वरच्या मजल्यावर चारच गोष्टी चालतात: राहणं, शिकवणं, वैद्यकी आणि कला. कारखाना, दुकान किंवा सुतारकाम असेल तर खोली सोडावी लागेल. पुढची सभा तीन महिन्यांनी आहे, तिथे येऊन तुम्ही कोण ते सांगा.

"कोण म्हणजे?" टकटक म्हणाला. "मी गिटारी करतो."

"ते झालं काय करता," चिटणीस म्हणाले. "मी विचारतोय, तुम्हाला म्हणायचं काय. मडकी करतो तो कुंभार, दागिने करतो तो सोनार. गिटारी करतो तो कोण?"

टकटकने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. डॉक्टरीणबाई असत्या तर त्यांनी आत डोकावून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने जातभाई जमवले. गावात त्याच्यासारखे एकांडे गिटारवाले आणखी दोनच. एक बायकोचे मामा, ज्यांच्या हाताखाली तो शिकला. मामांच्या डाव्या हाताचं एक बोट करवतीने फार पूर्वीच जमा करून घेतलं होतं, पण उरलेल्या बोटांनी ते सगळ्या जगावर नेम धरायचे. दुसरी सरळरेघ. लाकडाच्या रेषा दोऱ्यासारख्या सरळ नसतील तर ती ते लाकूड जळणालाही घ्यायची नाही. दोन लग्नाच्या मागण्या तिने याच निकषावर परत पाठवल्या होत्या, असं बोललं जायचं.

दोघं आली तेव्हा टकटक नव्या गिटारीच्या आतल्या पट्ट्या चिकटवत होता. वरची फळी पातळ, म्हणून तिला आतून बारीक पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. हेच वाद्य सभेत दाखवायचं, असं त्याने ठरवलं होतं. सरसाचं भांडं त्याने भट्टीच्या कडेवरून नुकतंच वर आणलेलं. सरस हे लहरी काम: गरम आहे तोवर जावयासारखं गोड, थंड झालं की दगड. लावायचं आणि दाबायचं, मधे बोलायचं नाही. मामांनीच त्याला पहिल्या दिवशी शिकवलेला हा धडा.

आणि मामांनीच बोलायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, कारागीर म्हणा, साधा शब्द आहे. सरळरेघ म्हणाली, कारागीर म्हटलं की लोक टोपल्या विणून मागतात. वाद्यनिर्माते म्हणावं, असं टकटकने सुचवलं. त्यावर दोघांचं एकमत झालं, की निर्माता म्हटलं की लोक सिनेमात काम मागायला येतात. हस्तनिर्मित म्हटलं की साबण वाटतो. स्वतंत्र गिटारकार हा शब्द सरळरेघेला पसंत पडला, पण बायको पावाची थाळी घेऊन वर आली होती, तिने विचारलं, स्वतंत्र म्हणजे कुणापासून? टकटकने तो शब्द लगेच मागे घेतला. घरगुती गिटारी म्हणा, असं तीच म्हणाली, तर मामा म्हणाले, मग बरणीतून मिळतात का विचारतील. परदेशात यांना लुथियर म्हणतात, हे सरळरेघेला ठाऊक होतं. मामांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला आणि म्हणाले, याच्यावर औषध काय?

हे चाललं असताना टकटक हातात पट्टी धरून उभा होता. पट्टीला सरस लावलेलं. प्रत्येक नव्या शब्दाला तो मान वळवायचा, हो म्हणायचा, नाही म्हणायचा. शेवटी "वाद्यकलाकार" या शब्दावर तिघं थकून एक झाली, तेव्हा त्याने ती पट्टी फळीवर दाबली. सरस थंड झालेलं. त्याला ते जाणवलं नाही असं नाही. पण वादात जिंकल्याच्या भरात माणूस बऱ्याच गोष्टींकडे काणाडोळा करतो.

सभेचा दिवस आला. बायकोने त्याला धुतलेला सदरा घातला आणि खिसे उलटे केले. कानस, पेन्सिल, रंध्याचं पातं, काडीवरचा छोटा आरसा, सरसाचे खडे, कसल्या कसल्या पाचरी. सगळं काढून घेतलं. "आज तुम्ही कलाकार आहात," ती म्हणाली. "लाकडाबद्दल बोलायचं नाही. कुणाच्या टेबलाला हात लावायचा नाही."

सभा जिन्याखालच्या मोठ्या खोलीत होती. टकटक नवी गिटार मांडीवर घेऊन बसला, त्याच्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला सरळरेघ, तीही धुवून-पुसून आलेली. मागच्या बाकावर बायको. चिटणिसांनी विचारलं, त्याने पाठ केलेलं सांगितलं: आम्ही वाद्यकलाकार. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. कलाकार असेल तर नियमाप्रमाणे राहू शकतो, त्यांना नियम मान्य होता, मनातून पटो न पटो. सगळं अगदी तेलात पाचर जावी तसं चाललं होतं.

मग चिटणीस म्हणाले, "वाजवून दाखवा."

बाहेरच्यांना हे कळत नाही, पण गिटारी करणाऱ्यांना गिटार वाजवता येईलच असं नाही. चपला शिवणारा काही दिवसभर चालत बसत नाही. टकटकला एका गाण्याच्या पहिल्या ओळी यायच्या, तेवढ्याच. प्रत्येक नवी गिटार तो त्याच ओळींनी तपासायचा आणि मधेच थांबून लाकूड ऐकत बसायचा, त्यामुळे पुढची ओळ शिकायची वेळच आली नव्हती. त्याने मामांकडे पाहिलं. मामांनी चार बोटांचा हात वर केला. सरळरेघ छताच्या तुळया बघू लागली.

टकटकने खुंट्या पिळल्या. तारा लावल्या, परत लावल्या. लोक वाट बघत होते. शेवटी त्याने पहिली ओळ वाजवली, आणि जाड तारेवर बोट पडताच पोटातून खर्रकन् आवाज आला. डब्यात माशी अडकावी तसा.

टकटक सभा विसरला. त्याने कान गिटारीच्या पोटाला लावला. परत तार छेडली. परत खर्रकन्.

"पडदा," दांडीवरच्या एका आडव्या पितळी काडीकडे बोट दाखवत मामा पुटपुटले. "वरून दुसरा. उंच राहिलाय."

"घोडी," सरळरेघ म्हणाली. तारांखालची ती हाडाची उभी पट्टी नेहमी तिच्या संशयाच्या यादीत पहिली असायची.

"पडदा."

मामांच्या पायमोज्यातून कानस निघाली. भाचीने त्यांचे खिसे तपासले नव्हते. ते पडदा घासू लागले, सरळरेघेने तारा सैल करून घोडी उपसली, टकटकने पालथ्या मुठीने पोट वाजवत एकेक जागा ऐकायला सुरुवात केली. समितीच्या टेबलावर पितळेचा भुगा सांडला. चिटणिसांना शिंक आली. मागच्या बाकावर बायकोने कपाळाला हात लावला.

घासून झालं, घोडी बसवून झाली, आवाज तिथेच. मग टकटक अगदी सहज, आपल्या खोलीत असल्यासारखा म्हणाला, "आतली पट्टी सुटलीय. आरसा हवा."

त्याचा आरसा घरी, बायकोच्या ताब्यात. सगळे एकमेकांकडे बघत असताना डॉक्टरीणबाई उठल्या. "आरसा माझ्याकडे आहे," असं म्हणून त्या जिना चढून वर गेल्या. त्यांना काही सुटलेलं, हलणारं समोर असलं की बसवत नसे. धंद्याची सवय.

त्या परत आल्या त्या अख्खा ट्रे घेऊन. काडीवरचा गोल आरसा त्यांनी गिटारीच्या भोकातून आत सरकवला, दुसऱ्या हाताने बारीक दिवा धरला आणि बराच वेळ आत पाहिलं. आरशात डावं ते उजवं दिसतं, नवखा माणूस तिथे गोंधळतो. बाईंचा सारा जन्म त्यातच गेलेला.

"खालच्या बाजूला तिसरी पट्टी," त्या म्हणाल्या. "टोकाशी हलतेय. मुळात नीट बसलीच नव्हती."

टकटकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कुठली पट्टी ते त्याला आरशाशिवाय कळलं.

"थंड सरस लावलंस, जावईबापू," मामा म्हणाले.

"तुम्ही कारागीर-कारागीर करत होतात तेव्हा."

"मी बोलत होतो. हात तुझे होते ना?"

बायको तोवर बेकरीतून गरम सरसाचं भांडं घेऊनही आली होती. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तिला सगळ्यांच्या आधी उमगलं. भोकातून टकटकचा पंजा जेमतेम आत जायचा, पण गेला की आतलं काही दिसायचं नाही. बाईंनी दाढेत चांदी भरायचं लांब वाकडं हत्यार घेतलं, टोकाला सरस लावलं आणि आरशात बघत पट्टीखालच्या फटीत नेमकं सोडलं. सवयीने त्या गिटारीला म्हणाल्या, "दुखलं तर हात वर करा." कुणी हसलं नाही. जबडा उघडा राहावा म्हणून दाढांमध्ये ठेवतात तो रबरी ठोकळा त्यांनी काडीच्या टोकाला बसवून आत टेकू दिला, आणि हात पुसत म्हणाल्या, "उद्यापर्यंत हिला काही वाजवायला देऊ नका."

टकटकने टेकूवर बोटाने हलकेच दाब देऊन पाहिला. पक्का. त्याने इतक्या मनापासून बाईंकडे पाहिलं, की बायकोने खाकरून घेतलं.

मग चिटणीस बोलले. "एक गोष्ट स्पष्ट झाली," ते म्हणाले. "हे कलाकार नाहीत."

टकटकने टेबलाकडे पाहिलं. भुगा, कानस, सरसाचे ओघळ, चिंध्या. आपल्या हाताने आपण आपली खोली घालवली, हे आत्ता कुठे त्याच्या ध्यानात आलं. छताखालच्या फळ्या डोळ्यांपुढे आल्या. हातगाडीवर लादलेल्या, वर ताडपत्री, ताडपत्रीखाली ओल. तो सांडलेला भुगा तळहाताने गोळा करू लागला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एका गिटारीला करवत किती चालवावी लागते? टकटक म्हणाला, सुरुवातीच्या काही सकाळी. नंतर नुसतं तासणं, घासणं आणि ऐकणं, त्याचा आवाज उंदरालाही जात नाही. मग त्या सकाळी दवाखाना उघडायच्या आत उरकता येईल का? येईल, बेकरी तर पहाटेच उघडते. इतक्या महिन्यांत हे बाईंनी विचारलं नव्हतं आणि याने सांगितलं नव्हतं. दोघंही जरा ओशाळली.

"मग माझी तक्रार मिटली," बाई म्हणाल्या.

"तक्रार मिटली, नियम उरला," चिटणीस म्हणाले. "चारातलं कुठलं? राहत नाहीत, शिकवत नाहीत, कलाकार नाहीत."

"वैद्यकी लिहा. मी आत्ता जे केलं ते वैद्यकीत बसत नसेल, तर खोली मलाही सोडावी लागेल."

चिटणिसांना हे पटू लागलं होतं. गिटारींचे डॉक्टर, असं ते पुटपुटलेही. तिथेच गप्प बसावं की नाही? पण टकटकला राहवलं नाही. म्हणाला, दुरुस्ती करणारे वेगळे, त्यांचं काम वेगळं. मी आजारी गिटारी बऱ्या करत नाही, मी त्या जन्माला घालतो. बायकोने मागून त्याचा सदरा ओढला, पण शब्द निघून गेला होता.

चिटणिसांचा चेहरा उजळला. त्यांनी नियम पुन्हा मनात म्हटला. "प्रसूती वैद्यकीतच येते," ते म्हणाले. "तेव्हा तुम्ही सुईण."

मामा उभे राहिले. "माझ्या हाताखाली शिकलेला माणूस. सुईण?" सरळरेघेने तोंडावर रुमाल धरला होता, ती रडत होती की काय ते कळेना. सगळी खोली टकटककडे बघू लागली.

टकटकला एरवी नावाचं काही वाटायचं नाही, टकटक म्हटलं तरी तो ओ द्यायचा. पण कामाचं नाव ते वेगळं. तीन महिने शब्द शोधून, शब्दापायी चांगली पट्टी बिघडवून, शेवटी पदरात हे. फळ्यांना मात्र कुठल्याच नावाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना कोरडी हवा लागायची.

"लिहा," तो म्हणाला.

तसं लिहिलं गेलं. पुढचे काही दिवस गल्लीने त्याला सोडलं नाही. पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण बायकोला विचारायचा, वर काय झालं, मुलगा की मुलगी? एकदा तर खरोखरीचा एक घाबराघुबरा नवरा धापा टाकत जिना चढला. त्याला टकटकने पाणी पाजलं, बायकोने बेकरीच्या गाडीतून त्याला आणि त्याच्या अवघडलेल्या बायकोला सूतिकागृहात पोचवलं, आणि मूल झालं तेव्हा ते पहिल्याच दमाला असं सुरात रडलं की नर्सांनी दारं लावून घेतली नाहीत, असं म्हणतात. करवत पहाटे चालायची. पलीकडचे पेशंट आता बसून राहायचे आणि ठणका घेऊनच आत जायचे.

मामा महिनाभर फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले, शाल न काढता खोलीभर फिरले, फळ्यांवर पेर वाजवून ऐकलं. मग बोलले. त्यांच्या घरी भिंतींना बुरशी आली होती, दोन गिटारींची पोटं फुगली होती. याच मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे असं ऐकलं, ते खरं का? नावाचं काय, मनाला लावून घेण्यासारखं नसतं ते. त्यांना नुसतं वैद्य म्हटलं तरी चालेल.

"मामा, ती खोली गेली," टकटक म्हणाला. "सरळरेघ आली तिथे. तिला परिचारिका लिहिलंय."

मामा खिडकीशी जाऊन उभे राहिले. खालून पावाचा वास येत होता.

"जिन्याजवळ एक अडगळीची खोली आहे ना," ते पाठमोरेच म्हणाले. "कंपाउंडर चालेल का, विचारून बघ."

टकटक विचारायला गेला.